लडलोचा नीलकंठ

श्रूसबरी, ७ सप्टेंबर २०२५

रुपाच्या माय,

फोन केला की तू कापते. आता पत्र कसं कापशीन? तुझ्या भावाच्या, श्यामरावच्या पत्त्यावर आंधळगावले पाठवून राहिलो. फाडायचं असन त फाड, पण वाचून फाड.

मी बुधवारीच विलायतेले पोचलो. पहिले तीन दिवस मले सकाळ कोणती अन् संध्याकाळ कोणती हेच समजत नव्हतं. साडेसात वाजले तरी उजेड. रुपाचं घर लहान आहे, पण नीटनेटकं आहे. पोरगी दवाखान्यात नर्स आहे एवढंच मले माहीत होतं. तिच्या हाताखाली अकरा जणी आहेत, हे इथं आल्यावर समजलं. तुले माहीत होतं काय? असन माहीत. मले कोण सांगते!

हे गाव जुनं आहे बाप्पा. चारशे-पाचशे वर्षांची घरं, पांढऱ्या भिंती, त्यात काळी लाकडं, अन् निम्मी घरं वाकडी. मी रुपाले म्हटलं, हे आज-उद्या पडन. ती म्हणे, बाबा, ते चारशे वर्षांपासून पडूनच राहिलं आहे. नदी गावाले वेढा घालून जाते अन् काठाले बाग आहे. डालियाचे फुलं जेवायच्या ताटलीएवढे. वास घ्यायले वाकलो त वासच नाही. लोकं माझ्याकडे पाहून हसले, मीही हसलो, काय हसलो ते माहीत नाही.

त्या बागेत एक लाल छातीचं पाखरू आलं, चिमणीएवढं. मी बाकावर बसलो होतो, त दोन हात लांब येऊन उभं राह्यलं अन् माझ्याकडे पाहत बसलं. आपल्या तलावावरचे पाखरं माणूस दिसला की उडतात. हे काहून उडत नाही? खरं सांगू, मीच उठून दुसऱ्या बाकावर गेलो.

तिथंच रुपानं एका माणसाले भेटवलं. गॅरेथ त्याचं नाव. चाळिशीचा, दाढी तांबडी, हात मातीनं भेगाळलेले. एका जुन्या हवेलीच्या बागेत माळी आहे. बायको सहा वर्षांमागं वारली, लेकरू नाही. तो मले एकेका झाडाचं नाव सांगून राहिला अन् मी हाव हाव करून राहिलो. समजलो, पोरीच्या ओळखीचा असन.

घरी आल्यावर रुपा म्हणाली, "बाबा, मले त्याच्याशी लगन करायचं आहे. पण तुमचा होकार पाहिजे. आईले मी मंग सांगीन."

माझ्या हातातला चहा तसाच राह्यला. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत सांगतो. दसराच काहून म्हटलं, मलेच माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. ती माझ्याकडे जराशी पाहत राह्यली अन् आत गेली.

तर आता तू सांग. हाव म्हणू की नाही म्हणू? पोरगी दोघांची आहे, एकट्याच्या डोक्यावर कायले टाकते? अन् हे रुसणं पुरे झालं. दोन वर्षं झाली तुले भावाच्या घरी बसून. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं, एवढ्यावरून कोणी घर सोडते काय? लगेच उत्तर लिही.

चंद्रभान


वेल्स, २१ सप्टेंबर

रुपाच्या माय,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचायले बारा-पंधरा दिवस लागतात असं रुपा म्हणते, म्हणून राग धरत नाही.

आज गॅरेथच्या गाडीत तीन तास बसून या वेल्स गावाले आलो. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो मले एकेक जुनं गाव दाखवते. इथं एक भलं मोठं चर्च आहे अन् बाजूले त्यांच्या बड्या धर्मगुरूचा वाडा, त्याच्या चारी बाजूनं पाणी. पाण्यात पांढरे राजहंस. अन् ऐक, खोटं नाही सांगत, त्या वाड्याच्या भिंतीले एक घंटी आहे, तिची दोरी पाण्यापर्यंत. हंसाले भूक लागली की तो चोचीनं दोरी ओढते अन् वरून कोणी खायले टाकते. मी अर्धा तास उभा राह्यलो. माझ्या डोळ्यांदेखत घंटी वाजली. आपल्याकडे मी चाळीस वर्षं खाणीत हजेरी घेतली, पण असं हुशार गिऱ्हाईक मले भेटलं नाही. अन् पाण्यात कडेकडेनं काय फिरून राहिली? आपली पाणकोंबडी! तीच, लाल कपाळाची. मी तिले मराठीतच हाक मारली. गॅरेथ म्हणे, "लव्हली."

या 'लव्हली'नं माझं डोस्कं उठवलं आहे. पाऊस आला, लव्हली. चहा दिला, लव्हली. मी म्हटलं माझ्या गुडघ्यात दुखते, त्याले वाटलं मी बाग चांगली आहे म्हणून राहिलो, तेही लव्हली. माणूस चांगला की वाईट हे त्याच्या तोंडावरून समजतच नाही. आपल्याकडे जवाई पाहायचा असला की काय करतो? त्याच्या गावच्या चौकात पानठेल्यावर दोन मिनिटं उभं राहतो. खर्रा घोटेपर्यंत पानवाला सात पिढ्या सांगते. इथं पानठेलाच नाही. कोणाले विचारू?

तू म्हणशीन, पोरीच्या पहिल्या लगनाच्या वेळी विचारलं होतं न, काय झालं? हाव, माहीत आहे. त्या तुमसरच्याचं नाव मी इथंही लिहीत नाही. पण तेव्हा मी सारं पाह्यलं होतं. घर पाह्यलं, वावर पाह्यलं, बापाचा मान पाह्यला. अन् वरून दसऱ्याच्या सकाळी नीलकंठ दिसला होता. आपल्या घरी माझ्या आजापासून चालत आलं आहे, दसऱ्याले गावाबाहेर जायचं, नीलकंठाचं दर्शन घ्यायचं, अन् ज्या कामाचा विचार मनात असन ते ठरवायचं. त्याच दिवशी मी त्यांना होकार दिला. मंग दीड वर्षानं पोरगी डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन आपल्या चिखल्याच्या बसस्टँडवर उतरली, ते मीही पाह्यलं आहे, तू एकटीनंच नाही. तू म्हणे, तुमच्या पाखरानं माझ्या लेकीचं वाटोळं केलं. पाखराचा काय दोष?

आता लक्षात आलं, दसऱ्यापर्यंत सांगतो असं मी काहून म्हटलं.

रुपानं हे नीलकंठाचं गॅरेथले सांगून टाकलं. येताना गाडी चालवता चालवता तो मले विचारून राहिला, केवढा असते, कुठं बसते, काय खाते. मी दोन्ही हात सोडून उडून दाखवलं. तो खूप गंभीर झाला. इथं नीलकंठ असते काय, मी विचारलं. त्यानं गाडी हळू केली, पण लव्हली नाही म्हटलं.

चंद्रभान


श्रूसबरी, २८ सप्टेंबर

रुपाच्या माय,

काल श्यामरावशी फोनवर बोललो. म्हणे, पहिलं पत्र पोचलं, ताईनं दोनदा वाचलं, घडी घालून ठेवलं अन् मागासाठी कोशाच्या रेशमाच्या कांड्या भरत बसली. मी विचारलं, काही बोलली काय? तो म्हणे, "भाऊजी, एवढंच बोलली की मीठ नव्हतं."

बरं. मीठ नव्हतं.

इथं मी चौकशी लावली आहे. गॅरेथच्या गल्लीत सकाळी फिरायले गेलो. एका म्हातारीच्या घरापुढं निळे निळे फुलांचे गुच्छ, कोबीच्या गड्ड्याएवढे. ती झाडं छाटत होती. मी थांबलो अन् माझ्या इंग्रजीत विचारलं, तो गॅरेथ कसा माणूस आहे? ती खूप बोलली. मले त्यातलं एवढं समजलं की तो हिच्या कुंपणाची काळजी घेते, त्यात पाखराचं घरटं असलं त पिल्लं उडेपर्यंत कात्री लावत नाही. मी विचारलं, दारू? ती आत जाऊन बाटली घेऊन आली. मले देऊन राहिली! सकाळचे नऊ वाजले होते. मी हात जोडले अन् निघालो.

आता यातून काय समजायचं? कुंपण नीट छाटते म्हणून पोरगी द्यायची काय? अन् तुमसरच्याचं सारंच नीट होतं. माणूस पाहण्याची जी काही अक्कल मले होती, तिच्यावरून माझा विश्वास उडाला आहे. कोणाले सांगू नको, पण रोज पहाटे मी उठतो अन् खिडकीतून पाखरं पाहत बसतो. काळी पाखरं चर्चच्या मनोऱ्यावर गोळा होतात, कावळ्यापेक्षा लहान, डोळे पांढरे. तारेवर भिंगऱ्या बसायच्या, त्या आता दिसत नाहीत. रुपा म्हणे, त्या गरम देशात गेल्या. तिले विचारलं, तुले जावंसं वाटते काय? ती म्हणे, "कुठं बाबा?" 

मीठ हे कारण नव्हतं, हे मलेही माहीत आहे. त्या दिवशी जेवताना रुपाचा फोन आला होता, अन् तो ठेवल्यावर मी म्हटलं होतं, पोरीनं जरासं सोसलं असतं त आज आपल्याजवळ असती. मले वाटलं होतं तू ऐकलं नाही. तू ताट उचललं, घासलं, अन् चारच्या बसनं आंधळगावले गेली. हे मी श्यामरावले कधी सांगतलं नाही. तूही सांगतलं नसन, म्हणून तो अजून मले भाऊजी म्हणते.

तेव्हा तसं काहून बोललो? माझी पोरगी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, अन् तिचा हात मोडला होता. मले आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटते. पण तेव्हा बोललो खरं.

परवाच्या परवा दसरा. काय करू?

चंद्रभान


लडलो, २ ऑक्टोबर, दसरा

रुपाच्या माय,

मी होकार देऊन बसलो. तुले पहिले हे सांगतो, मंग बाकीचं.

गॅरेथनं आजची सुट्टी घेतली होती. सकाळी सहालेच गाडी दारात. रुपानं झेंडूची माळ केली होती, ती गाडीले बांधली. लडलो एका टेकाडावर आहे, जुना किल्ला, खाली नदी, दगडी पूल. पूल ओलांडला की समोर चढ अन् त्यावर जंगल. गॅरेथ म्हणाला, इथं चालू. नंतर रुपानं सांगतलं, तो मागच्या आठवड्यात तीनदा कामावर जायच्या आधी एवढ्या लांब येऊन गेला, कोणत्या झाडावर काय येते ते पाहायले.

थंडी अशी की नाक आहे की नाही समजेना. दीड तास उभे राह्यलो. एक करडा बगळा नदीत उभा होता. झाडावरून खारी उतरत होत्या, आपल्या नाही, शेपटीच्या जाडजूड. रुपा हात चोळत होती. मी मनात म्हटलं, आता नाही दिसलं त नाही म्हणून टाकू, सुटलो. अन् तेवढ्यात एकदम कर्कश ओरडत एक पाखरू ओकच्या झाडातून निघालं, समोरून गेलं, अन् त्याच्या पंखावर निळं चमकलं.

निळं होतं. पण मूठभर. बाकी सारं अंग फिकं भुरं, बुडाशी पांढरं, अन् चोचीत ओकचं फळ. आपला नीलकंठ पंख उघडते त आभाळ उघडल्यासारखं होते. मले काय माहीत नाही? साठ वर्षं पाहून राहिलो. हा नीलकंठ नव्हता.

पण दुर्गा, मी पाखराकडून मान वळवली त गॅरेथ पाखराकडे पाहतच नव्हता. तो माझ्याकडे पाहून राहिला होता. एवढा धिप्पाड माणूस, तोंड पांढरंफट. ओठ हलत होते, आवाज नाही. शाळेच्या निकालाच्या दिवशी पोट्टे उभे राहतात तसा.

अन् मी हात जोडले अन् म्हटलं, "दिसला!"

त्यानं मले उचललंच. माझी टोपी पडली. रुपा दूर उभी होती, ती आली, माझ्या पाया पडली, त्यालेही पडायले लावलं. खाली पुलाजवळच्या हॉटेलात त्यानं मले केक चारला. तिथंच भिंतीवर पाखरांच्या चित्रांचा कागद होता. त्यात तेच पाखरू होतं. खाली त्याचं इंग्रजी नाव होतं, 'जे'. चोरून फळं पुरते म्हणे, अन् कुठं पुरली ते विसरते. गॅरेथनं चित्र पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं, अन् डोळे खाली केले. त्याले माहीत होतं. मले माहीत होतं. दोघंही केक खात राह्यलो.

आता मी तुले विचारतो, हा होकार खरा की खोटा? पाखरू खोटं, मंग होकारही खोटा न? पण तो त्याचं तोंड पाहून निघाला. माणसाचं तोंड पाहून पोरगी देतात काय? तुमसरच्याचं तोंडही गोरंगोमटं होतं. मले काही समजून नाही राहिलं.  परत घेऊ काय? सांग मले कोणीतरी.

अन् एक गोष्ट आहे, ती मी आजवर कोणाले सांगतली नाही. ती सांगितल्याशिवाय मले हे पत्र बंद करता येत नाही. त्या वर्षी दसऱ्याले चिखल्याच्या रस्त्यावर मले नीलकंठ दिसलाच नव्हता. हे असं भुरं पाखरूही नाही. काहीच नाही. तारा रिकाम्या होत्या. त्या पोराच्या बापाले मी आदल्या दिवशीच चहाच्या टपरीवर हातावर हात मारून शब्द दिला होता. घर पाहून माझे डोळे दिपले होते. तू म्हणत होती, पोराची नजर बरोबर नाही, थांबा. तुझं तोंड बंद करायले मले पाखरू पाहिजे होतं. म्हणून घरी येऊन म्हटलं, दिसला.

बारा वर्षं तू पाखराले शिव्या देऊन राहिली. त्या मले बसायले पाहिजे होत्या.

चंद्रभान


श्रूसबरी, ५ ऑक्टोबर

दुर्गा,

मागचं पत्र टपालात टाकलं अन् दोन दिवस जेवण गेलं नाही. तुले लिहिलं, पण ज्या पोरीच्या जिवावर बेतलं तिले नाही सांगतलं, हे कोणतं सांगणं? आज रविवार, रुपाले सुट्टी होती. मागच्या अंगणात ती कांदे लावून राहिली होती. खायचे नाही, फुलांचे. आता लावायचे अन् थंडी सरल्यावर फुलं येतात. मी बाजूले उकिडवा बसलो अन् एका दमात सारं बोलून टाकलं. लडलोचं पाखरू नीलकंठ नव्हता. अन् तेव्हाचा तर नव्हताच नव्हता.

ती खड्डा करत राह्यली. मले वाटलं, आता ही खुरपं फेकते. मंग म्हणाली,

"बाबा, मी मागं बसली होती न गाडीवर."

मी विसरलोच होतो. दुर्गा, खरंच विसरलो होतो. तिले मी दर्शनाले सोबत नेलं होतं.

"तुम्ही गाडी थांबवली. दिसला म्हटलं. मले काहीच दिसलं नव्हतं. पण तुमचा चेहरा एवढा खुश होता, मी म्हटलं, हाव बाबा, दिसला. अन् घरी येऊन आईलेही मीच सांगतलं, मी डोळ्यांनी पाह्यला म्हणून. आई तेव्हा चूप बसली. तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं चूप बसली. तो मारायचा न, तेव्हा मले दर वेळी वाटायचं, मी खोटं बोलली म्हणून हे होऊन राहिलं."

मी मातीत बसलो. धोतर भरलं त भरलं. बारा वर्षं माझी लेक माझं खोटं स्वतःचं समजत राह्यली; दीड वर्षं त्यापायी मार खाल्ला, अन् मार संपल्यावरही ते वागवत राह्यली. अन् मी जेवणाच्या ताटावर बसून म्हणतो, जरासं सोसलं असतं त! मी रडलो. तुझ्यापुढं कधी रडलो नाही, पोरीपुढं रडलो. ती मातीच्या हातानं माझं तोंड पुसून राहिली, मंग दोघांच्याही तोंडाले माती.

मी म्हटलं, "मंग आता काय करू? होकार परत घेऊ?"

ती म्हणाली, "बाबा, लडलोले मले एक भुरं पाखरू दिसलं, ओरडत गेलं. त्याच्यावर मी लगन करत नाही. मी गॅरेथले तीन वर्षं पाहून राहिली. मी त्याच्याशी लगन करणारच आहे, तुम्ही नाही म्हटलं तरी."

"मंग मले कायले विचारलं? तुमचा होकार पाहिजे, असं काहून म्हणाली?"

"तुमच्या तोंडून हाव ऐकायचं होतं म्हणून. पाखराच्या नाही."

मी म्हटलं, "हाव." मंग पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. शेजारच्या घरातला माणूस खिडकीत आला. गॅरेथ आत भांडी घासत होता, तो ओल्या हातानं धावत आला, काय झालं म्हणून. रुपानं त्याले इंग्रजीत सांगतलं. तो या वेळी लव्हली नाही म्हणाला. माझ्या शेजारी मातीत बसला अन् उरलेले कांदे लावू लागला. मीही लावले.

मंग मी उठून चहा केला. पोरीच्या कपात साखर टाकायले चमचा उचलला अन् हात थांबला. मले माहीतच नव्हतं. चौतीस वर्षांची पोरगी, मी तिचं लगन ठरवलं, तिले सासरी धाडलं, तिले सोसायले सांगतलं, अन् ती साखर किती घेते ते मले माहीत नाही. मी दारातून विचारलं. ती म्हणे, "घेतच नाही बाबा. केव्हाची सोडली."

लगन डिसेंबरच्या वीस तारखेले आहे, इथल्या कचेरीत. हे पत्र पोचलं की पोरगी तुले फोन करीन, तिचा फोन कापू नको, एवढी विनंती. माझं म्हणशीन त तू मले माफ कर असं मी लिहीत नाही. ते लिहायचं तोंड मले नाही.

अन् आजवरच्या पत्रांत मी तुले हुकूमच सोडले. उत्तर लिही, रुसणं सोड. आता एक विचारतो, अन् तू जे म्हणशीन ते मी रुपाले जसंच्या तसं सांगीन, त्यात माझं काही मिसळणार नाही.

तुले इथं यावंसं वाटते काय?

चंद्रभान